पळतेस, तरी लिव्हरला चरबी?

"एवढं पळतेस, मग तुझ्या लिव्हरला चरबी कशी?" शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे विचारून झालंय. तर एकदाच सांगते.

गेल्या जानेवारीत रविवारी हाफ मॅरेथॉन पळले, 21 किलोमीटर. मंगळवारी ऑफिसची तपासणी. मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की जिना उतरताना कठडा सोडवत नव्हता. तरी रक्त दिलं. लिव्हरसाठी बघतात ती दोन एन्झाइम्स चढलेली: एसजीओटी 148, एसजीपीटी 92. सासूबाईंचं बीपीही दाखवायचं होतं, म्हणून त्या सोबत होत्या. डॉक्टरांनी कागदावरची नजर न उचलता विचारलं, "दारू किती घेता?" अजिबात नाही, म्हटलं. "कधीतरी? पार्टीत?" परवाच पळालेय, हे सांगितलं, ते त्यांनी लिहूनही घेतलं नाही. दादरपर्यंत टॅक्सीत सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. एक शब्द नाही.

उलगडा दुसऱ्या डॉक्टरांनी केला. ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात. जबर व्यायामाने स्नायू दुखावले की ती रक्तात उतरतात आणि आठवडाभरही चढी राहू शकतात. सीपीके भरपूर वाढलेलं निघालं, ते स्नायूंचं एन्झाइम. लिव्हरचं जीजीटी मात्र नॉर्मल. दहा दिवस न पळता पुन्हा रक्त दिलं, आकडे खाली आले. तो रिपोर्ट सासूबाईंच्या हातात दिला. चष्मा लावून वाचला, "बरं" म्हणाल्या.

गोष्ट इथे संपती तर मी तुम्हाला ताठ मानेने उत्तर दिलं असतं. पण सोनोग्राफीत ग्रेड वन, म्हणजे सौम्य, फॅटी लिव्हर निघालंच.

म्हणून पळणं फुकट गेलं, असं म्हणू नका. काटा हलला नाही तरी नियमित व्यायामाने लिव्हरमधली चरबी उतरते. भरभर चालणं असो की वजनं उचलणं, इन्सुलिन नीट लागू पडायला लागतं. आठवड्याला 150 मिनिटं पुरे, मॅरेथॉनच हवी असं नाही. चूक माझी वेगळीच होती. "मी पळते, मला काय होतंय" म्हणत दर रविवारी पळून आल्यावर फाफडा-जिलेबी, आणि एरवी रोज नऊ तास खुर्चीत. तेव्हाच्या त्या स्वतःला आज बोल लावते, तेव्हा ती विचारते, पळत नसतीस तर ग्रेड वनवर थांबलं असतं का? यावर माझ्याकडे उत्तर नाही. यंदाची सोनोग्राफीही ग्रेड वनच सांगते.

आता मोठं अंतर पळाले की आठवडाभर रक्त देत नाही. आणि लॅबच्या फॉर्मवर, कुणी विचारो न विचारो, शेवटचं कधी पळले ती तारीख स्वतःच लिहिते.