‘ल’ला पाकळी, ‘श’ला देठ: मिंट २२ची सातवी नोंद

दगड एकदाचा फुटला: लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमवर मराठी मजकूर हिंदी वळणात दिसायचा, तो आता मराठी वळणात दिसतो. मेनू इंग्रजीत ठेवूनसुद्धा फाइल मॅनेजर, पॅनेल, टेक्स्ट एडिटर आणि केडीई डेस्कटॉपचा एडिटर केट, चारही ठिकाणी ल पाकळीचा आणि श देठाचा दिसतो आहे. फुटला तोही एका ओळीने, म्हणून जास्तच राग येतो.

आधी निवडीचा हिशोब, थोडक्यात. जुन्या यंत्रावर नवशिक्याला कोणता डिस्ट्रो (लिनक्सची तयार जुळणी) द्यायचा, याची यादी मागच्या नोंदीत तीनवर आली होती: सिनॅमन डेस्कटॉपवाला मिंट २२, झोरिन १८, कुबुंटू २४.०४. तिघांचा पाया उबुंटू २४.०४च, त्यामुळे ड्रायव्हर आणि पॅकेजांत सांगण्यासारखा फरक नाही. यंत्र तेच, आय-३ ५००५यू आणि ४ जीबी रॅम. विंडोज ११च्या अटींत न बसणारे आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपल्यावर कपाटात गेलेल्यांपैकी. कुबुंटू बाद, कारण त्याची मुदत एप्रिल २०२७पर्यंतच. नवशिक्याला लवकरच पुन्हा अपग्रेडच्या तोंडी देण्यात अर्थ नाही. झोरिन दिसायला तिघांत देखणा, पण त्याचा नोम डेस्कटॉप आणि फायरफॉक्सचे सात-आठ टॅब ४ जीबीत एकत्र नांदत नाहीत. मिंट २२ मालिकेला २०२९पर्यंत अपडेट आहेत, फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त पॅकेजात न येता साध्या डेब पॅकेजात येतो, आणि सिनॅमनचे नेहमीचे सत्र एक्स-११ या जुन्या पडदा-प्रणालीवर (नवी ती वेलँड) चालते. हा शेवटचा मुद्दा खाली कामाला येणार आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या बॉस या डिस्ट्रोबद्दल विचारणा होती: डेबियनवर उभा आहे, भारतीय भाषांसाठी मेहनतही दिसते, पण अडल्यावर नेटवर उत्तर सापडण्याच्या बाबतीत मिंटच्या जवळपास नाही. नवशिक्याला डिस्ट्रो नव्हे, उत्तरे लागतात.

वायफायचे ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ कार्ड सुटले, तेही इंटरनेटशिवाय. इन्स्टॉल झाल्यावर तोच पेनड्राइव्ह लावून ठेवायचा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा. पेनड्राइव्ह माउंट करून ड्रायव्हर तिथूनच बसवतो. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर रोखणारी सोय) चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड मागतो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबले की ड्रायव्हर बसलेला दिसतो आणि वायफाय मात्र मेलेले. एसएसडीबद्दल एकच वाक्य: पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणारे बिननावाचे २४० जीबीवाले घेऊ नका, मोठी फाइल लिहायला घेतली की पेनड्राइव्हच्या चालीवर येतात.

आता ल आणि श.

ज्याच्या पुढ्यात मिंट ठेवतो त्याची पहिली तक्रार वेगाची नसते. ‘हे हिंदीत का दिसतंय?’ ही असते. मजकूर अस्सल मराठी असतो, पण ल दंडाचा, श गाठीचा. शाळेच्या पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श, ६ नोव्हेंबर २००९चा शासन निर्णयही तेच सांगतो, आणि पडद्यावर भलतेच. यूनिकोडमध्ये ल एकच, ०९३२. वळणे दोन असली तरी क्रमांक एक. कोणते वळण काढायचे ते फाँटमधले ‘लोकल’ नावाचे फीचर ठरवते, आणि त्या फीचरला मजकुराची भाषा कुणीतरी सांगावी लागते. नोटो सान्स देवनागरीत मूळ वळण हिंदीचे आहे; भाषा मराठी आहे असे कळले तरच तो मराठी वळण काढतो. डेस्कटॉप इंग्रजीत असेल तर हे सांगणारे कुणीच नाही.

पहिला आठवडा चुकीच्या झाडाखाली गेला: फाँट बदलणे. उबुंटूच्या देवनागरी फाँटांच्या संचात लोहित, गार्गी, सराई, समयक, नकुल, सहदेव अशी मोठी पंगत आहे आणि ‘सान्स-सेरिफ’ मागितल्यावर त्यातला कोण उठेल याचा नेम नाही. एफसी-मॅच या आदेशाला भाषा एमआर (मराठीचा संकेत; हिंदीचा एचआय) देऊन विचारले की सध्या कोण उठतो ते कळते. बाकीच्या फाँटांची पॅकेजे एकेक करून काढून टाकली, नोटो ठेवला. पंगत कमी झाली, वळण बदलले नाही. बदलणारही नव्हते, पण निदान संशयित एकच उरला.

फाँटमध्ये मराठी वळण आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. एलसीडीएफ-टाइपटूल्स पॅकेजातले ओटीएफइन्फो घ्या, ‘एस’ पर्याय देऊन फाँट फाइलवर चालवा. यादीत ‘देव२’ (देवनागरी) पुढे ‘एमएआर’ (मराठी) दिसला पाहिजे. मग अक्षरे जुळवणाऱ्या हार्फबझ लायब्ररीचे एचबी-व्ह्यू: एकदा भाषा एचआय आणि एकदा एमआर देऊन ‘शाळा, लक्ष, विश्व, कल्लोळ, दुसऱ्या, ऱ्हास’ एवढाच मजकूर चित्रात काढा. दोन चित्रे शेजारी ठेवली की शंका उरत नाही. नोटोची दोन चित्रे वेगळी आली, म्हणजे फाँट निर्दोष.

दुसरा प्रयत्न पूर्ण डेस्कटॉप मराठीत करण्याचा. वळण लगेच सुधारते, पण मेनूंची भाषांतरे अर्धवट, आणि नेटवरचे प्रत्येक मार्गदर्शन इंग्रजी मेनूंची नावे घेते. ‘सेटिंग्ज उघडा’ म्हटल्यावर शोधायचे काय? नवशिक्यासाठी हा उपाय रोगापेक्षा वाईट.

तिसरा प्रयत्न जवळ पोहोचला होता, मागची नोंद त्यावरच थांबली. मिंटचे फाइल मॅनेजरसारखे प्रोग्रॅम ज्यावर बनले आहेत त्या जीटीकेचे अक्षर मांडणारी पँगो लायब्ररी पाहिली तर उलगडा होतो: चालू भाषा इंग्रजी आणि समोर देवनागरी आले, तर ती पँगो-लँग्वेज नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधली (प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणाऱ्या सेटिंगमधली) यादी पाहते, तो नसेल तर ‘लँग्वेज’ हा व्हेरिएबल पाहते, आणि तिथेही काही नसेल तर लिपीची नमुना भाषा घेते. देवनागरीची नमुना भाषा तिच्याकडे हिंदी आहे. हेच ते! पँगो-लँग्वेजमध्ये ‘ईएन, कोलन, एमआर’ एवढे ठेवले की फाइल मॅनेजर आणि मिंटचा टेक्स्ट एडिटर एक्सएड सुधारतात. पण केट तसाच, कारण केट ज्यावर बनला आहे तो क्यूटी पँगोला विचारतच नाही. क्यूटी हार्फबझची डीफॉल्ट भाषा उचलतो, आणि हार्फबझ ती एलसी-सीटाइप या व्हेरिएबलवरून ठरवतो.

आणि इथेच डोक्यात प्रकाश पडला. पँगोची चालू भाषासुद्धा एलसी-सीटाइपवरूनच ठरते! मेनूंची भाषा ठरते एलसी-मेसेजेसवरून. म्हणजे दोघांना वेगळे करता येते. लँग (एकंदर भाषेचा व्हेरिएबल) राहू दे एन-आयएन, म्हणजे भारतीय इंग्रजी, फक्त एलसी-सीटाइप मराठी.

कृती अशी. सिस्टिम सेटिंग्जमधल्या लँग्वेजेसमध्ये ‘इन्स्टॉल-रिमूव्ह’वर जाऊन ‘मराठी, इंडिया’ जोडायचे, म्हणजे लोकेल (त्या भाषेची सिस्टिममधली नोंद) तयार होते. टर्मिनल आवडत असेल तर लोकेल-जेनला एमआर-आयएन द्या. मग होम फोल्डरमध्ये ‘.एक्ससेशनआरसी’ फाइल करून तिच्यात एकच ओळ: एलसी-सीटाइप बरोबर एमआर-आयएन, पुढे एक्स्पोर्ट लावून. लॉगआउट करून परत आत या. टर्मिनलमध्ये ‘लोकेल’ दिले की फक्त तेवढी एक ओळ मराठी आणि बाकी एन-आयएन दिसले पाहिजे. एलसी-ऑल चुकूनही लावू नका, तो सगळ्यांच्या डोक्यावर बसतो आणि मेनूही मराठी होतात. ही फाइल फक्त एक्स-११ सत्र वाचते, वेलँड वाचत नाही. मिंटच्या बाजूने एक गुण इथे वाढला तो यामुळे.

दुष्परिणाम दोन सापडले. पहिला त्रासदायक. फाँट निवडून देणारा फाँटकॉन्फिगसुद्धा आपली भाषा एलसी-सीटाइपवरून घेतो, त्यामुळे नुसता ‘सान्स-सेरिफ’ मागणाऱ्या प्रोग्रॅमला तो आधी मराठी येणारा फाँट देतो, आणि मग इंग्रजी अक्षरेही त्याच फाँटमधून येतात. मिंटचा स्वतःचा इंटरफेस उबुंटू फाँट नावानिशी मागतो म्हणून वाचतो. बाकी ठिकाणी इंग्रजी बारीक आणि विस्कटलेले दिसते. उपाय: एट्सी-फाँट्समधल्या लोकल-कॉन्फ फाइलमध्ये सान्स-सेरिफसाठी एक एलियस (त्या नावाला कोणते फाँट द्यायचे याची नोंद), पसंती आधी नोटो सान्स, मग नोटो सान्स देवनागरी. एलियस टॅगला ‘बाइंडिंग’ची किंमत ‘सेम’ दिलीच पाहिजे. ती नसेल तर पसंती कमकुवत धरली जाते, आणि फाँटकॉन्फिगच्या लेखी भाषा कमकुवत पसंतीपेक्षा वरचढ असते. फाइल बरोबर दिसते आणि परिणाम शून्य. यात एक अख्खी संध्याकाळ जाते, आगाऊ सांगून ठेवतो. दुसरा दुष्परिणाम किरकोळ: एसएसएचने दुसऱ्या सर्व्हरवर गेलात की एलसी-वाले व्हेरिएबल सोबत जातात आणि तिथे मराठी लोकेल नसेल तर तो कुरकुरतो. दुर्लक्ष केले तरी चालते.

फ्लॅटपॅकवाल्यांनी (लागणाऱ्या लायब्ररींचा रनटाइम वेगळा आणणारी पॅकेजे वापरणाऱ्यांनी) इकडे लक्ष द्या. फ्लॅटपॅकच्या रनटाइममध्ये मोजक्याच भाषांची लोकेल उतरतात, आपल्या सेटिंगमध्ये फक्त इंग्रजी. मग फ्लॅटपॅकमधला गिम्प ‘लोकेल नॉट सपोर्टेड बाय सी लायब्ररी’ अशी ताकीद देतो आणि परत दंडाचा ल. फ्लॅटपॅक-कॉन्फिगने भाषांची यादी ‘ईएन, अर्धविराम, एमआर’ करा आणि एकदा फ्लॅटपॅक-अपडेट चालवा. यादी अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर शेल अर्धविरामावरच आदेश तोडतो.

लिबरऑफिस यातल्या कशालाच जुमानत नाही, त्याचा संसार वेगळा. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची डीफॉल्ट भाषा मराठी करायची. जुन्या फाइलमध्ये मजकूर हिंदी म्हणून नोंदलेला असतो, तिथे सगळे निवडून भाषा पुन्हा मराठी द्यावी लागते.

टायपिंगचे छोटे यश: कीबोर्डच्या लेआउट यादीतला ‘मराठी, एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट’ जोडला की ‘दुसऱ्या’मधला ऱ्य शिफ्ट-जे, डी, मग य असा सरळ उमटतो. हा ऱ (०९३१) वापरून केलेला. काही फोनेटिक मांडण्या साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे लावून तेच रूप काढतात. दिसते अगदी सारखे, पण शोधल्यावर एकाने दुसरे सापडत नाही. जुन्या फाइलमध्ये ‘वाऱ्यावर’ शोधून शून्य निकाल आले तर फाइलला दोष देण्याआधी हे पाहा. ॲचेही तसेच: ०९७२ हा मराठी ॲ यूनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीच्या मजकुरात ऍ किंवा अ अधिक चंद्र अशी जोडणी भेटते.

उरला फायरफॉक्स. तो पानाने सांगितलेली भाषा मानतो. मराठी विकिपीडिया उघडा, पाकळी हजर. हिंदी विकिपीडिया उघडा, त्याच फाँटमध्ये दंड. हे बरोबरच आहे. पण इंग्रजी म्हणून नोंदलेल्या पानावर कुणी मराठी लिहिले की दंडाचा ल परत येतो, आणि नवशिक्याचा निम्मा वेळ अशाच पानांवर जातो.

पुढची नोंद मिंटच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीच्या रॅम-मोजणीची ठरली होती. ती मागे टाकतो आहे, कारण हे लिहिता लिहिता दुसरे सुचले: ओपनटाइप फीचर फ्रीझर या साधनाने नोटोची एक प्रत काढायची, तिच्यात देव२-एमएआरचे ‘लोकल’ कायमचे गोठवायचे, नाव बदलून ठेवायचे, आणि फायरफॉक्सच्या फाँट सेटिंगमध्ये देवनागरीसाठी तीच प्रत द्यायची. धोका जोडाक्षरांत. गोठवणारे साधन सुटे अक्षर बदलते. अर्धा श आणि अर्धा ल बनवणारे नियम नव्या अक्षराला ओळखतात की नाही, ते एचबी-व्ह्यूच्या चित्रातच दिसेल. ‘विश्व’ आणि ‘कल्लोळ’ पाय मोडून उभे राहिले तर प्रत टाकून द्यायची. टिकले, तर लोकल-कॉन्फ, ‘.एक्ससेशनआरसी’ आणि हा फाँट तिन्ही एका डेब पॅकेजात घालता येतील, ‘.एक्ससेशनआरसी’ एट्सी-स्केलमध्ये, म्हणजे नवे खाते उघडले की ती आपोआप होममध्ये येईल.