वेरूळ रेखाटन-नोंदी, फेरी सहावी : रावणानुग्रहाचे चार पट

वेरूळच्या लेणी क्रमांक १४, १६, २१ आणि २९ मधील रावणानुग्रहाचे, म्हणजे रावणाने कैलास उचलण्याच्या प्रसंगाचे, चारही शिल्पपट एकाच वहीत, एकाच मापाच्या चौकटीत रेखाटून झाल्याशिवाय त्यांच्याविषयी मत मांडायचे नाही, असे मी मागच्या नोंदीत लिहिले होते. ते काम या फेरीत पूर्ण झाले. जालन्याहून पहाटेची एस.टी. धरून दिवसभर बसायचे आणि उन्हे कलली की परतायचे, हा क्रम यंदाच्या हिवाळ्यात सहा वेळा घडला. मंगळवारी लेणी बंद असतात, हे नव्याने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पहिल्या दोन फेऱ्यांत मी प्रत्येक पटाला रचना, कथन आणि कोरीवपणा यांसाठी दहापैकी गुण देत होतो. ती पद्धत आता सोडली आहे, कारण गुणांचा रकाना भरण्याच्या नादात पाहणेच उरकले जात होते. आता मी दोनच प्रश्न विचारतो. शिल्पीने कथेतला नेमका कोणता क्षण धरला आहे? आणि पाहणाऱ्याची नजर पटात कोठून शिरते व कोठे स्थिरावते? रावणाने गर्वाने कैलास उचलला आणि शिवाने पायाच्या अंगठ्याने तो दाबला, ही कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. म्हणूनच ती सांगताना शिल्पीने काय निवडले, याला महत्त्व येते.

या कसोटीवर कैलास लेण्यातील, म्हणजे क्रमांक १६ मधील पट मला चौघांत सर्वश्रेष्ठ वाटतो. मंदिराच्या दक्षिण अंगाला खाली खोल पोकळी कोरून रावणाला जवळजवळ सुटा काढला आहे. त्याचे पसरलेले हात त्या पोकळीच्या काळोखात चहूबाजूंनी पर्वताला भिडतात. वर शिव शांत बसला आहे. पार्वती त्याच्याकडे झुकून त्याचा दंड घट्ट धरते आणि तिच्यामागे एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. पहिल्या तीन रेखाटनांत ही दासी मी चक्क गाळली होती, कारण माझी नजर शिवाच्या मुखावरच खिळत असे. चौथ्या वेळी तिची पाठमोरी आकृती आणि पळण्याचा झोक कागदावर उतरला, तेव्हा सगळा पट हलू लागला. खालचा धक्का वर कसा पोहोचतो, हे तिच्या पळण्यातून आणि पार्वतीच्या पकडीतून कळते. शिवापाशी येऊन तो विरतो.

या पटाची जागा हा मला त्याच्या कथनाचाच भाग वाटतो. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, अखंड कातळ वरून खाली कोरत नेऊन घडवलेले हे मंदिर म्हणजेच कैलास पर्वत होय. आणि रावण त्या मंदिराच्याच तळाशी बसवलेला आहे. त्यामुळे तो पटातला पर्वत हलवत नाही, आपण ज्या मंदिराच्या अंगणात उभे आहोत ते मंदिरच हलवू पाहतो. लेणी १४ आणि २१ मध्ये हीच कथा भिंतीवरच्या चौकटीत राहते. तेथील कारागिरी कमी प्रतीची आहे असे मुळीच नाही, परंतु चौकटीबाहेरचे दगड त्या कथेत सामील होत नाहीत. लेणी २९ म्हणजे धुमार लेण्यातील पटाच्या आकृती प्रचंड आहेत आणि त्यांच्यासमोर उभे राहिले की मान वर करावी लागते. पण तेथे मला भव्यता आधी जाणवली आणि प्रसंग नंतर.

लेणी २१ च्या बाबतीत एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. तेथे शिव-पार्वतीच्या सारीपाटाच्या पटात खालच्या बाजूला गणांनी नंदीशी जी दंगामस्ती मांडली आहे, ती पाहताना आपल्या गावातली पोरे पोळ्याच्या दिवशी बैलाभोवती कशी घोटाळतात, हेच आठवते. देवाच्या घरातले असे खेळीमेळीचे वातावरण दाखवण्यात हा शिल्पी फार समर्थ आहे.

रेखाटनाच्या तंत्राविषयी थोडेसे. तुटलेले हात आणि आयुधे मी पूर्वी अंदाजाने पूर्ण करीत असे. आता तेथे केवळ तुटक रेषा सोडतो. कैलास लेण्यावर गिलावा आणि रंग होता व त्याचे अवशेष आजही दिसतात. या लेण्याला पूर्वी रंगमहाल म्हणत असत. म्हणून उघड्या काळ्या कातळावरून रंगसंगतीविषयी निष्कर्ष काढणेही मी थांबवले आहे.

पुढची फेरी दशावतार लेण्यासाठी, क्रमांक १५ साठी राखून ठेवली आहे. तेथील नरसिंहाच्या पटात मांडीवर घेऊन पोट फाडण्याचा नेहमीचा प्रसंग नाही. हिरण्यकशिपू अजून ढाल-तलवारीनिशी उभा आहे आणि नरसिंहाचा हात नुकताच त्याच्यावर पडला आहे. तो हात आणि ती ढाल यांमधले अंतर मला या वेळी नीट मोजून घ्यायचे आहे.