जूमला 3 वरून 5 वर जाताना मराठी साइटची तयारी

जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या महाविद्यालयाची, पतसंस्थेची किंवा केळी एजन्सीची साइट अजून जूमला 3 (साइट बनवायच्या आणि चालवायच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती) वर असेल, तर ती हलवायला उशीर झालाय. 17 ऑगस्ट 2023 ला त्या आवृत्तीचा सपोर्ट संपला. पण घाईने बटण दाबू नका. मराठी साइटवरची बरीचशी नासाडी अपडेटने होत नाही, आधी न तपासलेल्या मजकुराने आणि लिंकांनी होते.

3 वरून थेट 5 वर जाता येत नाही. आधी 3.10 ची शेवटची आवृत्ती, मग 4.4, मग 5. जूमला ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीचाही क्रम पाळावा लागतो. जूमला 4 ला किमान 7.2.5 लागतं, जूमला 5 ला 8.1, सोबत डेटाबेससाठी मायएसक्यूएल 8.0.13 किंवा मारियाडीबी 10.4. होस्टिंगवाल्याने सुरुवातीलाच पीएचपी 8.2 करून दिलं तर जुनी एक्स्टेन्शन्स (जूमलाला वरून जोडलेले भाग) कोसळतात आणि पांढरं पान दिसतं. 4.4 होईपर्यंत 7.4 वर राहा, नंतर वाढवा. डेटाबेसची आवृत्ती जुनी असेल आणि होस्टिंगवाला ती वाढवून देत नसेल, तर होस्टिंग बदलणं हेच पहिलं काम.

हे सगळं आधी कॉपीवर. अकीबा या बॅकअप एक्स्टेन्शनने पूर्ण बॅकअप घ्या, तो स्वतःच्या संगणकावर उतरवा आणि पासवर्ड लावलेल्या सबडोमेनवर उघडा. परत उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

3.10 मध्ये अपडेट चॅनल ‘जूमला नेक्स्ट’ केलं की प्री-अपडेट चेक दिसतो. त्यात एखाद्या एक्स्टेन्शनपुढे ‘माहिती नाही’ आलं तर ते चालणारच नाही असं नाही. बनवणाऱ्याने ती माहिती पुरवलेली नाही एवढंच. त्याच्या साइटवर जाऊन खात्री करा. वापरात नसलेलं सगळं काढून टाका, नुसतं बंद करून ठेवू नका. बाहेरून घेतलेले सिस्टिम प्लगइन मात्र अपडेटपुरते बंदच हवेत, कारण ते प्रत्येक पानावर चालतात आणि एक बिघडला तर ॲडमिनसुद्धा उघडत नाही.

आता मजकूर. इथे वेळ द्या. बऱ्याच जुन्या साइटींत टेबल लॅटिन-1 (रोमन अक्षरांसाठीची जुनी साठवण-पद्धत) आणि आतला मजकूर यूटीएफ-8 (देवनागरीही साठवणारी पद्धत) असा घोळ असतो. तो एरवी कळत नाही, कारण मजकूर ज्या चुकीच्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो. कनेक्शनची पद्धत बदलली की पानभर प्रश्नचिन्हं नाहीतर विचित्र रोमन अक्षरं दिसतात. ओळखायचं सोपं आहे. ज्या नोंदीचं शीर्षक फक्त ‘जळगाव’ आहे, अशा एखाद्या कॅटेगरीवर पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस बघायच्या साधनातून कॅरॅक्टर-लेंग्थ हे अक्षरं मोजणारं फंक्शन चालवा. उत्तर 5 आलं (ज, ळ, ग, काना, व) तर ठीक. 15 आलं तर डेटाबेस प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतोय; देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइटचं असतं. कॉलम लॅटिन-1 असेल तर तो थेट बदलू नका, नाहीतर घोळ पक्का होतो. आधी बायनरी प्रकारात न्या, मग यूटीएफ8एमबी4 (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-8) मध्ये.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्दही मुद्दाम शोधून पाहा. पूर्वी हा ऱ्य साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह) अशा जोडीने टाइप व्हायचा. मजकूर साफ करणारी एखादी स्क्रिप्ट ते न दिसणारं चिन्ह उडवते आणि ‘शेतकर्यांना’ उरतं.

शिवाजी किंवा कृतीदेव फॉन्टमधल्या जुन्या सूचना असतील तर त्या अपडेटच्या आधी युनिकोडमध्ये आणा. तो मजकूर आतून रोमनच असतो. नव्या टेम्प्लेटमध्ये (साइटच्या दर्शनी साच्यात) फॉन्ट जोडलेला नसला की वाचताच येत नाही. कन्व्हर्टर हमखास चुकतो तो पहिल्या वेलांटीत आणि रफारात, कारण या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. ‘शिरपूर’, ‘शिंदखेडा’, ‘कार्यालय’ हे तीन शब्द नीट उतरले का ते बघा, बाकीच्याचा अंदाज येतो.

महाविद्यालयांसाठी लिंका तर सगळ्यात नाजूक. नॅकला (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला) पाठवलेल्या अहवालात साइटवरच्या पानांचे आणि पीडीएफचे पत्ते दिलेले असतात. इमेजेस फोल्डरमध्ये थेट टाकलेल्या पीडीएफचा पत्ता अपडेटने बदलत नाही. लेखांचे आणि डाउनलोड एक्स्टेन्शनमधून दिलेल्या फायलींचे पत्ते मात्र बदलू शकतात. म्हणून अहवालातले सगळे पत्ते एका शीटमध्ये काढा, कॉपीवर लिंक-चेकर चालवा आणि जो तुटेल त्याला रीडायरेक्ट लावा. पत्त्यातले आयडी (लेखांचे क्रमांक) काढून टाकायचा मोह याच वेळी नको. पत्त्यांची साफसफाई वेगळी, अपडेट वेगळं.

टेम्प्लेट बहुधा नवंच घ्यावं लागतं. जूमला 4 मध्ये पानाची मांडणी करणारं बूटस्ट्रॅप 2 जाऊन 5 आलं, त्यामुळे जुन्या ‘स्पॅन’ क्लासवर रचलेले तीन रकाने एकाखाली एक कोसळतात.

जूमला 3 वरून 4 चं अपडेट ब्राउझरमधून तुकड्यातुकड्याने उलगडतं. अक्कलकुवा-धडगावकडे नेट मध्येच गेलं तर अर्ध्या फायली नव्या, अर्ध्या जुन्या. पक्क्या नेटवर आणि यूपीएसवर बसूनच करा. 4 वर पोहोचलात की पुढचं अपडेट सर्व्हरवर कमांड-लाइननेही (हुकूम टाइप करून) करता येतं. जून-जुलैत प्रवेश आणि मार्चअखेर पतसंस्थेचे हिशेब, एवढे दिवस टाळा.

प्रत्येक टप्प्यानंतर डेटाबेसची तपासणी चालवा. एखाद्या जुन्या टेबलात ‘0000-00-00’ अशी तारीख डीफॉल्ट असेल तर कडक मोडमधला मायएसक्यूएल ती नाकारतो. तिथे नल (रिकामी किंमत) लावा. मग कॅशे रिकामी करा, प्लगइन एकेक करून सुरू करा, प्रत्येकानंतर मुखपृष्ठ आणि प्रवेश अर्ज उघडून बघा. शेवटी सर्व्हरवर राहिलेली बॅकअप फाइल आणि ती उघडणारी किकस्टार्ट फाइल लगेच पुसा. बॅकअप कुणाच्या हाती लागला तर डेटाबेसचा पासवर्डही त्यातच असतो.