कोरडं, सडेतोड पत्र

बुधवार, ३१ डिसेंबर

सकाळपासून फोन उलटा ठेवला आहे. काल रात्री नाशिकच्या धाकट्या बहिणीला पाठवायचा व्हॉइस मेसेज मी घरच्या ग्रुपवर टाकला. चार मिनिटांनी लक्षात आलं. घाईघाईने सगळ्यांसाठी डिलीट केला, पण तोवर कोणी ऐकला होता ते पाहायचं राहूनच गेलं. आता ग्रुपवर फक्त 'मेसेज डिलीट केला आहे' एवढी ओळ आहे, आणि तिच्याखाली कोणीच काही लिहिलेलं नाही.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. बाबांची लोखंडी ट्रंक दादाच्या घरी बोईसरला होती. वहिनींनी दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याला दिली, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तिच्यात बाबांचे छप्पन सालचे कागद होते. संयुक्त महाराष्ट्र समितीची पत्रकं, वर्गणीच्या पावत्यांची पुस्तकं, लालबागच्या एका मोर्चाचा फोटो. मी म्हणाले, 'वहिनींना त्या कागदांचं मोल काय कळणार! दादा तर तोंड उघडत नाही. आता आपणच एकदा कोरडं आणि स्पष्ट बोलायला हवं.'

कागद गेल्याचं दुःख होतं, ते आजही आहे. पण 'काय कळणार' हे मी बोलायला नको होतं. आमच्या आईचं शेवटचं वर्ष वहिनींनी काढलं. रात्री दोन-दोनदा उठून.

शुक्रवार, २ जानेवारी

'कोरडं आणि स्पष्ट'. हे शब्द मी कुठून उचलले असं दोन दिवस मनात घोळत होतं. आज कॅलेंडरवर तारीख पाहिली आणि आठवलं.

१९७८ साली याच तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर दिल्लीत होते. पंतप्रधान मोरारजी देसाईंशी त्यांची अणुइंधनावर बोलणी झाली. मग कार्टर स्वतःचे परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांच्याशी खालच्या आवाजात बोलले. मी आत्ता इंधन द्यायला मंजुरी देतो म्हणून सांगितलं, पण त्यांच्यावर काही परिणाम झालेला दिसला नाही. परत गेल्यावर त्यांना आणखी एक पत्र लिहायला हवं, अगदी थंड आणि सडेतोड. जवळ एक माइक चालू होता. पाहुण्याने यजमानाबद्दल, यजमानाच्याच घरात काढलेले ते शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांत गेले.

मी तेव्हा सतरा वर्षांची. कन्नमवार नगरच्या खोलीत बाबांना पेपर वाचून दाखवण्याचं काम माझं असे, कारण गिरणीतली पाळी करून आले की त्यांचे डोळे चुरचुरत. ती बातमी मी वाचली आणि बाबा उठून बसले.

आमच्या घरात मोरारजींचं नाव कसं घेतलं जाई ते लिहायला हवं. ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवर गोळ्या चालल्या. १०६ हुतात्मे. बाबा त्या दिवसांत लालबागमध्ये होते, त्यांच्या चाळीतला एक मुलगा घरी परतला नाही. हुतात्मा चौकातून जाताना ते चपला काढून उभे राहत आणि मोरारजींचं नाव आलं की जेवता जेवता हात थांबवत. सत्त्याहत्तर साली जनता पक्षाचं सरकार आलं, मोरारजी पंतप्रधान झाले, तेव्हा सगळी वस्ती आनंदात असताना बाबा गप्प होते.

आणि तेच बाबा त्या सकाळी म्हणाले, 'मोरारजीला आम्ही बोलू. आमचं रक्त सांडलंय. हा कोण बोलणार?'

त्यांचा राग मला तेव्हा कळला नव्हता. आता वाटतं, माणूस आपल्याशी कसाही वागलेला असो, परक्याने त्याला कमी लेखलं की ते आपल्याच उंबऱ्याला लागतं. वहिनींबद्दल बाहेरच्या कोणी 'काय कळणार' म्हटलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. मी स्वतः म्हटलं.

शनिवार, ३ जानेवारी

रात्रभर तेच डोक्यात. नागरिकशास्त्र आणि इतिहास अठ्ठावीस वर्षं शिकवला, पण त्या प्रसंगाकडे कधी असं पाहिलं नव्हतं.

औपचारिक भाषेत हा दोन राष्ट्रप्रमुखांमधला प्रसंग नव्हे. आपले राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी होते, देसाई सरकारचे प्रमुख. पण अपमान राजशिष्टाचाराची यादी बघून होत नाही.

भांडण खरं होतं. तारापूरचे दोन रिॲक्टर अमेरिकेने दिलेले, १९६९ पासून चालू झालेले, आणि त्यांना लागणारं समृद्ध युरेनियम १९६३ च्या करारानुसार अमेरिकेनेच पुरवायचं होतं. १९७४ च्या मे महिन्यात पोखरणचा स्फोट झाला आणि अमेरिकेला धास्ती बसली. कार्टर यांना भारताच्या सगळ्याच अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणी हवी होती. देसाई स्वतः अण्वस्त्रांच्या विरोधातले, पण आधी बड्या राष्ट्रांनी स्वतःला तोच नियम लावावा, मग आम्हाला सांगावं, यावर ते अडून बसले होते. एक्क्याऐंशी वर्षांचा हट्टी माणूस. बाबा त्यांच्याबद्दल जे सांगत त्यात 'ऐकतच नाही' हे शब्द हमखास असत.

त्या दौऱ्याचाच बोलण्याने घात केलेला होता. चार दिवस आधी वॉर्सात कार्टर यांच्या दुभाष्याने त्यांच्या तोंडी पोलिश लोकांबद्दल अशी वासनेची भाषा घातली की ती जगभर गाजली. तिथे निदान दोष दुभाष्याचा होता. दिल्लीत शब्द त्यांचेच होते.

मग देसाईंनी काय केलं? काहीच नाही. त्याचा बाऊ केला नाही, पाहुण्याला कोंडीत पकडलं नाही, संसदेत रण पेटवलं नाही. त्याच २ तारखेला कार्टर भारताच्या संसदेत बोलले आणि तारापूरसाठी इंधन पाठवण्याचं त्यांनी जाहीर केलं. ३ तारखेला, म्हणजे आजच्याच दिवशी, दोघांनी दिल्ली जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याच दिवशी कार्टर पत्नीसह हरियाणातलं दौलतपूर नसिराबाद नावाचं गाव बघून आले. गावकऱ्यांना इतका आनंद झाला की त्यांनी गावाचं नावच कार्टरपुरी करून टाकलं. आजही तिथे ३ जानेवारीला सुट्टी असते म्हणतात. जूनमध्ये देसाई वॉशिंग्टनला जाऊन आले.

मुलांना मी हे शिकवलं असतं तर 'संयम' हा शब्द फळ्यावर लिहून पुढे गेले असते. आज तो शब्द अपुरा वाटतो. देसाईंनी एकाही मुद्द्यावर माघार घेतली नाही. ज्या गोष्टीवर कार्टर चिडले होते ती त्यांनी शेवटपर्यंत दिली नाही. मार्चमध्ये अमेरिकेने अणुप्रसारबंदीचा कायदा केला, तारापूरचं इंधन त्यात पुन्हा अडकायला लागलं, तरी देसाई हलले नाहीत. फक्त त्या एका वाक्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. वाक्य हवेत लटकत ठेवलं आणि बोलणं मुद्द्यावर चालू ठेवलं.

छप्पन साली त्यांनी मुंबईचं ऐकलं नाही, याची क्षमा मी बाबांच्या वतीने करू शकत नाही आणि करणारही नाही. पण त्याच माणसाचं अठ्ठ्याहत्तर सालचं हे न ऐकणं माझ्या मनातून जात नाही. दोन्ही एकाच स्वभावातून आलं असेल का? बाबा असते तर विचारलं असतं. त्यांनी हात थांबवला असता बहुतेक.

आणखी एक गोष्ट आईची. कार्टर यांची आई लिलियन, जन्माने १५ ऑगस्टची, १८९८ ची. अडुसष्टाव्या वर्षी अमेरिकेच्या पीस कोअरमधून स्वयंसेवक म्हणून आली ती आमच्या विक्रोळीला, गोदरेज कॉलनीत. परिचारिका होती. जवळजवळ दोन वर्षं तिने इथे दवाखान्यात काम केलं. आमची आई सांगायची, पलीकडे एक गोरी म्हातारी नर्स आहे, पोरांची डोकी धरून बघते. मुलगा अध्यक्ष झाला तेव्हा वस्तीत त्याची केवढी चर्चा! १९७७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद गेले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला अमेरिकेकडून तीच आली.

दिल्लीतलं वाक्य बाबांना वाचून दाखवलं तेव्हा आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, 'त्याच्या आईने ऐकलं असेल तर तिला काय वाटलं असेल?' बाबांचा राग देशाचा होता. आईचा प्रश्न मला आज जास्त टोचतो, कारण माझी आई नाही आणि माझं वाक्य तिच्या सुनेबद्दल होतं.

दुपारी धाकटीचा फोन आला. ती म्हणते सरळ माफी माग. मी पण तेच ठरवलं होतं. पण माफी मागायची म्हणजे आधी वहिनींना कबूल करायला लावायचं की तुम्ही ऐकलंत. त्यांनी ऐकलंच नसेल तर? किंवा ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचं ठरवलं असेल, तर माझं मन हलकं करायला त्यांचं ते ठरवणं मी का मोडू?

संध्याकाळी वहिनींचाच फोन. छातीत धस्स झालं. 'वन्सं, उद्या येताय ना? येताना दादरहून गूळ आणा, चिक्कीचा. इथला चांगला नाही मिळत.' एवढंच.

रविवार, ४ जानेवारी

परतीच्या लोकलमध्ये लिहिते आहे, अक्षर हलतं आहे.

सकाळी दादरला गूळ घेतला, दोन किलो, मग डहाणू लोकल. विरारनंतर गाडी मोकळी झाली आणि वैतरणेच्या पुलावर गार वारा आला. सगळ्या वाटेत एकच वाक्य मनात जुळवत होते. बोईसरला उतरेपर्यंत त्याची सात रूपं झाली, एकही बोलण्यासारखं नव्हतं.

दादा गॅलरीत बसला होता. नोकरी सगळी तारापूरला काढली. त्याला मी मुद्दाम अठ्ठ्याहत्तर सालचं विचारलं. तो नुकताच लागला होता तेव्हा. 'इंधन येणार का नाही, कॉलनीत दुसरा विषयच नसायचा,' म्हणाला. ऐंशी साली तर ३८ टनांचं प्रकरण अमेरिकेच्या सिनेटपर्यंत गेलं आणि ४८ विरुद्ध ४६ अशा मतांनी तगलं, हे आकडे त्याला अजून पाठ आहेत. 'दोन मतं, कळलं का? दोन मतांवर आमची चूल होती.' ते इंधन पाठवावं म्हणून तेव्हा आपल्याच संसदेशी झगडणारे अध्यक्ष कार्टरच होते. आणि देसाई सत्तेवरून जाऊन वर्ष उलटलं होतं. शेवटी ब्याऐंशी साली फ्रान्सकडून इंधन घ्यायचं ठरलं.

मी विचारलं, 'ते पत्र, थंड आणि सडेतोड, लिहिलं का रे त्यांनी?' दादा म्हणाला, 'पत्रं बरीच गेली-आली असतील. बोलणं बंद पडलं नाही, एवढं मला माहीत.'

वहिनी आत भाकऱ्या थापत होत्या. मी शेजारी जाऊन तीळ निवडायला बसले. त्या संक्रांतीचं बोलत होत्या, नातवाच्या बोरनहाणाचं, गुडघ्यांचं. मी हूं हूं करत होते. त्यांचा हात पिठात भरलेला, तोंड तव्याकडे. मध्येच, सुरात काही फरक न करता, त्या म्हणाल्या, 'ट्रंकेला वाळवी लागली होती, वन्सं. खालपासून वरपर्यंत. हात लावला तर भुगा व्हायचा. मी यांना दाखवलं पण होतं.'

मी मान वर केली नाही. म्हणजे ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं.

'मला विचारायला हवं होतं तुम्हाला,' मी म्हणाले. त्यात मला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं.

'त्यात काय,' म्हणाल्या, आणि भाकरी उलटली. मग म्हणाल्या, 'तो मोर्चाचा फोटो चिकटलेला होता आतल्या पत्र्याला. निघाला नाही. बाबांचा चेहरा तेवढा दिसत होता.' तेव्हा त्यांचा आवाज जरा बसला. मला पहिल्यांदाच कळलं की त्यांनी तो फोटो सोडवायचा प्रयत्न केला होता.

पुढे आम्ही दोघी त्या विषयावर बोललो नाही. जेवणं झाली. निघताना त्यांनी घोलवडचे चिकू दिले, पिशवी भरून, वरचे पिकलेले आणि खालचे कच्चे, म्हणजे आठवडाभर पुरतील. जिन्यापर्यंत आल्या. 'संक्रांतीला गूळ कमी पडला तर पुन्हा आणायला सांगेन हां,' म्हणाल्या.

नालासोपारा गेलं. पिशवी मांडीवर आहे, चिकूंचा वास डब्यात पसरला आहे. समोरच्या बाईने विचारलं, घोलवडचे का? हो म्हटलं, वहिनींनी दिले.