इतलं लोखंड कसाले?

मोटरसायकलला क्रॅश गार्ड, म्हणजे पडल्यावर इंजिन वाचवणारा लोखंडी पाइपांचा सांगाडा, कशाला लागतो आणि तो मजबूत कसा करायचा, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर हेच सगळं मी पेट्रोल पंपावर नाहीतर चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगत असतो. विचारणारे दोन प्रकारचे. गावातले नाना-आप्पा गाडीभोवती एक चक्कर मारतात, गार्ड हलवून बघतात आणि म्हणतात, "भाऊ, इतलं लोखंड कसाले?" आणि नवीन ॲडव्हेंचर गाडी घेतलेली पोरं विचारतात की दादा, आहे तो क्रॅश गार्ड तोरणमाळ-धडगावकडे टिकेल का, वेल्डिंग मारून अजून मजबूत करू का, पाइप किती एमएमचा घेऊ. दोघांना मिळून सांगतो. लोखंड लागतं, आणि गार्ड मजबूतही करायचा, पण चेसीपेक्षा, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यापेक्षा, मजबूत करायचा नाही. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

आधी आपल्याकडे गाडी पडते कशी ते बघा. हायवेला 80 च्या स्पीडला आपटली तर त्याला गार्ड काय करणार, तिथे हेल्मेट, जॅकेट, बूट आणि नशीब. मी बोलतोय ते दहा-पंधराच्या स्पीडच्या पडण्याबद्दल, नाहीतर अगदी उभ्या जागी पडण्याबद्दल. सातपुड्यात मोलगीकडच्या आडरस्त्याला लागलात की चढावर वळताना पाय टेकवायला जातो आणि खाली जमीनच लागत नाही, कारण या गाड्यांच्या सीट उंच, हीरोच्या एक्सपल्स 200 चीच सीट सव्वाआठशे एमएमच्या आसपास आहे. किंवा पावसाळ्यात चोपड्याकडच्या शेतरस्त्याला काळ्या मातीत पुढचं चाक निघून जातं, मडगार्डमध्ये चिखल इतका फासतो की चाक फिरतच नाही. किंवा नदीच्या फरशीवर शेवाळ असतं. गाडी हळूच कलते आणि दीडशे-एकशे साठ किलो वजन, वर मागे बांधलेलं सामान, सगळं एका बाजूच्या दोन-तीन टोकांवर येतं, हँडलचं टोक, फूटरेस्ट आणि इंजिनचं साइड कव्हर. गार्ड असेल तर तिसरं टोक गार्ड.

आणि खाली आपला काळा दगड. मातीवर पडलेली गाडी उचलून पुढे जाता येतं, पण बेसॉल्टच्या धारदार टोकावर ॲल्युमिनियमचं कव्हर आपटलं की भोक पडतं. या इंजिनांत ऑइल जेमतेम लिटरभर, ते दहा मिनिटांत जमिनीवर. तिथे नेटवर्क नाही, मेकॅनिक नाही, टेम्पो मिळाला तर मिळाला. म्हणून नाना, इतलं लोखंड. गाडी चकचकीत दिसावी म्हणून नाही, पडल्यावर स्वतःच्या चाकांवर घरी यावी म्हणून.

आता पोरांच्या प्रश्नाकडे. आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावाला फॅब्रिकेशनवाला मिळतो आणि हात चांगला असतो त्याचा, पण त्याचं रोजचं काम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कल्टिव्हेटर, गेट. त्याला गार्ड दाखवला की तो म्हणतो, आतून 20 एमएमची सळई टाकतो, बाहेरून पट्टी मारतो, हत्ती बसला तरी वाकणार नाही. खरंच वाकणार नाही, आणि भानगड तीच आहे. माझ्या मावसभावाच्या गाडीला असं केलेलं होतं. घाटात एका दगडावर गाडी डावीकडे पडली, उचलली, गार्डला फक्त खरचटलेलं, सगळे खूश. घरी येऊन टाकी काढली तेव्हा दिसलं की गार्ड जिथे चेसीच्या पाइपला धरलेला होता तिथे पाइप चेपलाय आणि त्याच्या वेल्डला बारीक भेग आहे. गार्ड वाकला असता तर दोन-तीन हजारांत विषय संपला असता. चेसीचं काम म्हणजे अख्खी गाडी खोलायची, आणि चेसीवर गाडीचा नंबर असतो, ती सहजासहजी बदलता पण येत नाही.

शेतीवाल्यांना हे मी रोटाव्हेटरवरून सांगतो, लगेच पटतं. ट्रॅक्टरचा फिरता जोर रोटाव्हेटरला देणारा जो पीटीओ शाफ्ट, त्याला शिअर बोल्ट असतो ना, खाली दगड आला की तो मुद्दाम तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो, कोणी त्या जागी जास्त कडक बोल्ट टाकला तर दगड आल्यावर गिअरबॉक्स जातो. गाडीलाही तसंच, मोडायची एक क्रमवारी ठरवून ठेवायची. पहिलं प्लॅस्टिक घासलं पाहिजे, मग गार्ड वाकला पाहिजे, मग गार्डचा बोल्ट गेला पाहिजे, आणि चेसी आणि इंजिनच्या माउंटिंगपर्यंत काहीच पोचलं नाही पाहिजे.

मग मजबूत करायचं म्हणजे काय करायचं? माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा जाडीत नाही, जोडणीत आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांचे गार्ड डावा वेगळा, उजवा वेगळा असे असतात. डावीकडे पडलात की सगळा मार डाव्या बाजूच्या दोन-तीन बोल्टवर, उजवी बाजू नुसती बघत असते. आणि गार्ड जितका बाहेर आलेला तितका तो पहारीसारखं काम करतो, बाहेरच्या टोकाला बसलेला दणका आतल्या माउंटिंगला कितीतरी पट होऊन पोचतो. दोन्ही बाजूंना समोरून जोडणारा एक आडवा पाइप टाकला, म्हणजे क्रॉस ब्रेस, की डावीकडचा दणका उजवीकडच्या माउंटिंगलाही वाटला जातो. अर्धा मीटर पाइपचं काम. 25 एमएम बाहेरचा व्यास आणि 2 एमएम जाडीचा एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा, पाइप मीटरला सव्वा किलोच्या आत भरतो, म्हणजे ब्रेसचं वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. तीच 20 एमएमची भरीव सळई मीटरला जवळपास अडीच किलो. छोट्या गाडीचा सगळा फायदाच तिच्या हलकेपणात आहे, तोच घालवायचा असेल तर मग जवळपास 200 किलोची रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 काय वाईट होती.

हा ब्रेस थेट वेल्ड करू नका, दोन्ही टोकांना फ्लँज, म्हणजे भोकं पाडलेली चपटी पट्टी, ठेवून बोल्टने जोडा. एक तर ऑइल कूलरपाशी हात घालायला, सर्व्हिसिंगला तो निघाला पाहिजे, आणि दुसरं म्हणजे आपला शिअर बोल्ट तिथेच बसतो. 8 एमएमचे 8.8 ग्रेडचे बोल्ट पुरतात, ग्रेडचा आकडा जितका मोठा तितका बोल्ट कडक. काळे ॲलन बोल्ट मिळतात ते बरेचदा 12.9 चे असतात, कडक आणि न वाकणारे, इथे ते नकोत. इंजिन माउंटिंगचे बोल्ट मात्र कंपनीने दिलेत त्याच ग्रेडचे, गार्डच्या पट्टीच्या जाडीएवढे लांब, त्यात तडजोड नाही, कारण बरेच गार्ड त्या बोल्टांतच अडकवलेले असतात आणि तिथलं ॲल्युमिनियमचं कान तुटलं तर इंजिनची केसच बदलावी लागते.

ब्रेस बसवायच्या आधी एक गोष्ट नक्की बघा. पुढचं सस्पेंशन पूर्ण दबल्यावर मडगार्ड कुठपर्यंत वर येतं? एक्सपल्सला पुढे 190 एमएमचा ट्रॅव्हल आहे, म्हणजे चाक तेवढं वर-खाली होतं, उभ्या गाडीत दिसणारी जागा खोटी असते. ट्रकवाल्यांकडे रॅचेटवाला बेल्ट मिळतो, त्याने हँडल आणि ॲक्सल बांधून फोर्क शेवटपर्यंत दाबा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, आणि मग खडूने खूण करून फॅब्रिकेशनवाल्याला सांगा की पाइप इथून जाऊ दे.

पाइपचं म्हणाल तर जाडीपेक्षा व्यासाने कडकपणा भराभर वाढतो, साधारण घनाच्या हिशोबाने. 22 चा 25 केला तर तेवढ्याच जाडीत कडकपणा जवळपास दीडपट. म्हणून पातळ पण मोठा पाइप बरा, पण दीड एमएमच्या खाली जाऊ नका, दगडावर चेपतो. आणि दुकानात शेतीच्या पाण्याचा जीआय पाइप पडलेला असतो, तो लावू देऊ नका. त्याच्यावर जस्त असतं, वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर निघतो, तो ओढला की वेल्डरला रात्री थंडी-ताप भरतो, आणि वेल्डमध्ये बारीक भोकं राहतात ती वेगळीच. त्या माणसाची पण काळजी घ्या, तो आपलंच काम करतोय.

वेल्डिंग गार्ड काढून करा, गाडीवर नको. गाडीवर करायचीच वेळ आली तर बॅटरीची केबल काढा आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, कपलर सोडवा, आजकाल सगळ्या गाड्या इंजेक्शनवाल्या आहेत. पावडर कोटिंग पूर्ण घासून चकचकीत धातू दिसला पाहिजे. शक्यतो मिग, म्हणजे सलग तारेचं, वेल्डिंग, आणि पाइप पाइपला भिडतो तिथे माशाच्या तोंडासारखा गोल कापून बसवलेला, नुसता सरळ कापून फट वेल्डने भरलेली नको.

गार्ड तुटतात कुठे? मी पाहिलेले बहुतेक एकाच ठिकाणी, पाइप जिथे माउंटिंगच्या पट्टीला वेल्ड केलेला असतो तिथे. आणि ते पडून कमी, थरथरून जास्त. सिंगल सिलेंडर इंजिन, खडबडीत रस्ता, वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग पडते, कोटिंगखालून गंजाची तांबूस रेघ दिसायला लागते. ही रेघ दिसली की गाडी थांबवा. इथे मात्र लोखंड वाढवा, पट्टी 5 एमएमची करा, पाइप आणि पट्टीच्या कोनात छोटी तिकोनी गसेट, म्हणजे आधाराची पट्टी, टाका. वाकलेला गार्ड तापवून सरळ करतात तेही मला पटत नाही. एकदा सरळ केला तर ठीक, पण त्याच जागी पुन्हा वाकला की तो तुकडा कापून टाकायचा, आतून घट्ट बसणारा छोटा पाइप घालायचा, आणि त्यावर नवीन तुकडा. आणि सगळ्यात खालच्या वळणाला 3 एमएमचं एक भोक, आत साचलेलं पाणी निघायला. एवढंसं भोक, पण गार्ड आतून सडत नाही.

आता आपल्या जळगावचं खास. बाहेर गार्डला लावायचे स्लायडर म्हणून महागडे नायलॉनचे ठोकळे मिळतात, चांगले असतात, घ्यायचे तर घ्या. पण ठिबकच्या, पाइपलाइनच्या दुकानात काळा एचडीपीई पाइप मिळतो. 32 एमएमचा आतून मोजून घ्या, 25 च्या गार्डवर जवळपास बसेल असा, वीतभर कापा, लांबीत एक चीर द्या, गरम पाण्यात टाकून मऊ करा आणि गार्डच्या सगळ्यात बाहेर आलेल्या जागी चढवून दोन होज क्लॅम्पने आवळा, क्लॅम्पचे स्क्रू आतल्या बाजूला. गाडी पडली की लोखंड दगडाला अडकून गाडीला झटका बसतो, प्लॅस्टिक मात्र घसरतं. ते झिजतं, फाटतं, पुन्हा नवीन लावायचं. पीव्हीसी नको, ते कडक असतं, तुटून त्याच्या धारा होतात.

इंजिनखाली ढालीसारखी बसते ती बॅश प्लेट म्हणजे घाटवाल्यांसाठी गार्डच्याही आधीची गोष्ट. 4 एमएमचं ॲल्युमिनियम बास आहे, पण प्लेट इंजिनला टेकायला नको, मध्ये बोटभर जागा आणि माउंटिंगला रबर बुश. खालचे बोल्ट प्लेटमध्ये बुडलेल्या डोक्याचे घ्या, बाहेर आलेलं डोकं पहिल्याच दगडाला छाटलं जातं आणि मग प्लेट काढताना रडायची पाळी येते. आणि काळी माती! ती प्लेट आणि इंजिनच्या मध्ये जाऊन बसते, दोन दिवसांत वाळून कडक होते, इंजिनला वारा लागत नाही, आणि ऑइल गळत असेल तर तेही ती पिऊन टाकते, तुम्हाला कळतच नाही. मे महिन्यात भुसावळला 45 च्या पुढे जाणाऱ्या उन्हात एअर-ऑइल कूल्ड इंजिनवर मातीचा थर घेऊन फिरणं म्हणजे इंजिनशी वैर. प्लेटला मागच्या बाजूला मोठी भोकं ठेवा आणि चिखलातून आलात की पाण्याचा पाइप लावून ती जागा त्याच दिवशी धुवा.

हँडगार्ड ॲल्युमिनियमच्या पट्टीवाले, दोन्ही टोकांना धरलेले घ्या, नुसते प्लॅस्टिकचे वाऱ्यासाठी असतात. क्लच आणि ब्रेकच्या क्लॅम्पखाली हँडलला टेफलॉन टेपचे दोन वेढे द्या आणि क्लॅम्प इतकाच आवळा की हाताने जोर दिला तर फिरेल, म्हणजे आपटल्यावर लिव्हर तुटायच्या ऐवजी फिरतो.

दोन गोष्टी कोणी विचारत नाही पण मला सांगाव्याशा वाटतात. गार्ड हँडलपेक्षा रुंद करू नका, आणि त्याच्यावर हायवे पेग लावून पाय पुढे टाकून बसू नका, पडताना पाय गार्ड आणि दगडाच्या मध्ये सापडतो, तेव्हा गार्ड पायाला वाचवत नाही, धरून ठेवतो. दुसरं, ॲडव्हेंचर लुकसाठी पोरं पहिल्या दिवशी साडीगार्ड काढतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 123 व्या नियमात मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण सांगितलेलं आहे ते उगाच नाही. याच गाडीवर आपली आई, आजी लुगड्यात एका बाजूला पाय करून बसते, बाजाराला जाते. दगडापासून इंजिन वाचवायला एवढा खटाटोप करतो तर तो साडीगार्ड राहू द्या की.

सगळं बसवून झालं की गावाभोवती खडबडीत रस्त्याने पन्नासेक किलोमीटर फिरवा आणि परत येऊन प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने, बघा, 8 एमएमच्या 8.8 बोल्टला साधारण 25 न्यूटन मीटर, इंजिन माउंटिंगला मॅन्युअलमध्ये असेल तेवढा. नंतर पेंटने बोल्ट आणि पट्टीवर एक आडवी रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय.