जुनं यश आठवून आता काय उपयोग?

"पूर्वी मी एवढं करून दाखवलंय, ते आठवलं की आता उलट जास्तच खचायला होतं. मग जुन्या यशाकडे बघा, असं तुम्ही कशाच्या जोरावर सांगता?"

मोठ्या वयात पुन्हा शिकायला बसलेल्यांना मी शिकवते. नोकरी आणि घर सांभाळून कुणी अर्धवट राहिलेली पदवी पुरी करतं, कुणी नवी भाषा शिकतं, कुणी प्रबंध लिहितं. निकाल मनासारखा लागला नाही किंवा लिहिलेलं प्रकरण शेऱ्यांसकट परत आलं, की हा प्रश्न त्यांच्यापैकी कुणीतरी विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुनं यश आठवून त्रास होतो हे खरंच आहे. आपण ते लक्षातच तसं ठेवतो. 'मी वर्गात पहिली आले होते', 'ते काम मी एकट्याने उभं केलं होतं.' या आठवणीत निकाल असतो आणि त्या निकालावरून स्वतःविषयी काढलेलं एक अनुमान असतं: मी हुशार, मी जिद्दीची. धक्का बसला की तेच अनुमान अंगावर येतं. हुशार होते, तर आता नापास कशी झाले? म्हणजे तेव्हाचं ते नशीब असणार, किंवा ती मी आता राहिलेच नाही. दोन्हीकडून माणूस खालीच जातो.

मला वाटतं, या आठवणीतून मधला भाग गळून गेलेला असतो, आणि उपयोगाचं जे काही असतं ते त्या मधल्या भागातच असतं. 1975 साली बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवलं, की एखाद्या घटनेचा शेवट कळला की तो शेवट होणारच होता असं लोकांना वाटू लागतं, आणि शेवट कळल्यामुळे आपलं मत बदललंय हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. त्याने इतिहासातले प्रसंग वापरले होते. आपल्या आयुष्याच्या बाबतीतही आपण हेच करतो. पास झालो, म्हणजे पास होणारच होतो. पण त्या वर्षी मध्येच एकदा सगळं सोडून द्यावंसं वाटलं होतं, आठवडाभर पुस्तक उघडलं नव्हतं, मग कुणाच्या तरी एका फोनने पुन्हा बसलो होतो, हे सगळं पुसलं जातं. आणि आज नेमकं तेच हवं असतं. आज आपण यशाच्या शेवटाशी उभे नाही, मधल्याच कुठल्यातरी वाईट आठवड्यात अडकलेले आहोत.

म्हणून माझ्यासमोर बसलेल्याला मी 'तुमचं सगळ्यात मोठं यश कोणतं?' असं विचारत नाही. मी विचारते, की जे तुम्हाला जमलं, त्यातला सगळ्यात वाईट काळ कोणता होता आणि तेव्हा सकाळी उठून तुम्ही नेमकं काय केलंत? सुरुवातीला उत्तर येतं, 'काही नाही, नेटाने करत राहिले.' नेट म्हणजे काय केलंत, हे पुन्हा विचारावं लागतं. किती वाजता? कुठे बसून? बरोबर कोण होतं? त्या दिवसात काय करायचं सोडून दिलं होतंत? हळूहळू बारीकसारीक गोष्टी बाहेर येतात आणि बोलणाऱ्याचा आवाज बदलतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की मला त्याची खात्री वाटते.

माझंच सांगते. तिशी उलटल्यावर मी पोहायला शिकले. चेहरा पाण्यात घालायचीच भीती होती. पुढे कित्येक वर्षांनी माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण शेऱ्यांनी भरून परत आलं आणि मला त्या फायलीला हात लावावासा वाटेना. 'अगं, तू एवढी पाण्याला भिणारी, तरी पोहायला शिकलीस, हे काय अवघड आहे?' असं मैत्रीण म्हणाली. त्या वाक्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो पोहण्याचे पहिले दिवस तपशिलात आठवले तेव्हा. तेव्हा मी धीर वगैरे गोळा केला नव्हता. शिकवणाऱ्या बाईंनी मला पोहायला लावलंच नव्हतं. कड धरून उभं राहायचं, तोंड पाण्यात घालायचं आणि फक्त श्वास सोडायचा, एवढंच काम होतं. बरोबर एक शेजारीण यायची, त्यामुळे न जाणं अवघड व्हायचं. आणि आज किती प्रगती झाली, हे त्या काळात कुणी विचारत नव्हतं.

या तिन्ही गोष्टी प्रबंधाला लावता आल्या. एका वेळी एकच शेरा उघडायचा आणि तो दुरुस्त करायचा नाही, फक्त काय म्हटलंय ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. बसायचं मैत्रिणीच्या घरी, ती तिचं काम करत असताना. किती पानं झाली ते मोजायचं नाही. एक गोष्ट मात्र लागू पडली नाही. पाणी लगेच सांगतं, श्वास चुकला की नाकात जातं. लिखाण तसं काही सांगत नाही. त्यासाठी दर आठवड्याला एक पान सहकाऱ्याला वाचायला द्यायची नवी सोय करावी लागली. जुन्या यशात नसलेलं असं काहीतरी जोडावं लागणारच, ते गृहीत धरावं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 मध्ये स्वक्षमतेची, म्हणजे 'हे काम मला जमेल' या विश्वासाची, मांडणी केली. हा विश्वास चार ठिकाणांहून येतो: स्वतः करून पाहिलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याने केलेलं, कुणी दिलेला धीर आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. या चारांत स्वतः करून पाहिलेलं सगळ्यात भारी ठरतं, म्हणून तर मैत्रिणीचा धीर माझ्यापर्यंत पोहोचला नाही. पण बांदुरांचं दुसरं म्हणणं मला अधिक मोलाचं वाटतं. ज्याला सगळं सहज मिळत गेलंय, तो लवकर निकालाची सवय लागल्यामुळे पहिल्याच अपयशाने खचतो. अडथळे ओलांडून मिळालेलं यशच टिकाऊ विश्वास देतं. म्हणजे खणायचं असेल तर कष्टाने मिळालेलं यश खणावं, मग ते जगाच्या लेखी किती का छोटं असेना.

कधीकधी मात्र खचलेल्या माणसाला स्वतःचं यश दिसतच नाही. 1901 च्या उन्हाळ्यात राइट बंधूंचं नवं ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान, त्यांच्या गणितापेक्षा फारच कमी उचल देत होतं. आणखी पन्नास वर्षं माणूस उडणार नाही, असं आपण तेव्हा भावाला म्हणालो होतो, हे विल्बरने पुढे स्वतःच सांगितलं. त्या वेळी तिथे आलेले ज्येष्ठ अभियंते ऑक्टेव्ह शनूट यांनी त्यांना सांगितलं, की तुमचे निकाल आजवर कुणालाही मिळाले नव्हते इतके चांगले आहेत. एवढ्यावर ते थांबले नाहीत. 18 सप्टेंबरला शिकागोच्या अभियंत्यांपुढे त्यांनी विल्बरला बोलायला बोलावलं. बोलायचं म्हणजे काय साधलं आणि काय फसलं ते वेगवेगळं मांडणं आलं. त्यानंतरच्या काही महिन्यांत दोघा भावांनी वाऱ्याचा बोगदा, म्हणजे आतून जोराचा वारा सोडून पंख तपासायची पेटी, बनवला, पंखांचे कितीतरी आकार तपासले आणि उचलीचे स्वतःचे आकडे काढले. 1902 चं ग्लायडर त्या आकड्यांवर उभं राहिलं, आणि 17 डिसेंबर 1903 ला त्यांचं इंजिनाचं विमान उडालं, ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. शनूट यांची ती कृती मला फार मोठी वाटते. 'तुम्ही थोर आहात' असं न म्हणता त्यांनी, तुमच्या हाती काय आहे ते चार माणसांना सांगा, म्हटलं. अडकलेल्या माणसासाठी तुम्हाला काही करायचं असेल, तर हे करा.

एक इशारा देणं भाग आहे. 1942 मध्ये अब्राहम लचिन्स या मानसशास्त्रज्ञाने लोकांना भांड्यांनी पाणी मोजण्याची कोडी दिली. पहिली काही कोडी एकाच लांबलचक रीतीने सुटत होती. पुढच्या कोड्यांना दोन पावलांचं सोपं उत्तर होतं, तरी बहुतेकांनी जुनीच रीत चालवली. एक कोडं तर जुन्या रीतीने सुटतच नव्हतं, तिथे अनेकजण अडकून बसले. यशाचा हा धोका खराच आहे. शाळेत पाठांतराने पहिला आलेला माणूस चाळिशीत विश्लेषणाच्या पेपरलाही पाठांतरच वाढवत नेतो. रीत जशीच्या तशी उचलू नका. अडल्यावर तुम्ही मार्ग कसा शोधला होतात, ते उचला. कुणाला विचारलंत, काम किती छोटं केलंत, कधी थांबलात. आणि नशिबाने जे मिळालं होतं, सोपा पेपर किंवा रिकामा वेळ, ते प्रामाणिकपणे बाजूला काढा, कारण ते या वेळी येईलच असं नाही.

'पण माझ्याकडे सांगण्यासारखं यशच नाही,' असंही काहीजण म्हणतात. त्यांना मी स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या समुपदेशक दांपत्याच्या पद्धतीतला प्रश्न विचारते: ही अडचण नेहमीपेक्षा थोडी कमी होती असा दिवस कोणता, आणि त्या दिवशी काय वेगळं होतं? असा दिवस जवळजवळ प्रत्येकाकडे निघतो. काहींना तोही आठवत नाही. नैराश्यात नेमके प्रसंग आठवणं अवघड होतं, सगळं 'नेहमीच असं होतं' एवढ्यावर येऊन थांबतं. झोप, भूक, रोजचं काम आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. हा सगळा खटाटोप नंतर करता येईल. तसं नसेल आणि नुसतं आठवत नसेल, तर त्या काळात तुमच्या जवळ असलेल्या कुणाला तरी फोन करा आणि विचारा, 'मी तेव्हा काय करत होते गं?' ती सांगेल ते त्याच दिवशी लिहून काढा. त्यातली एकच गोष्ट या आठवड्यात करून बघा, आणि जमली नाही तर यादीतली दुसरी घ्या.