वृंदगानात सूर का उतरतो, आणि आवाजाची मर्यादा कशी वाढवायची

वृंदगानाच्या तालमीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं आणि सगळ्यात कमी उपयोगाचं वाक्य म्हणजे 'सूर वर घ्या'. ते ऐकलं की माणसं हनुवटी उचलतात, गळा आवळतात, जोर लावतात. सूर तिथेच राहतो, नाहीतर उलट चढा लागतो. तो का उतरतोय हे आधी शोधायला हवं.

एकेकाला बाजूला घ्या आणि एकच सूर द्या, शक्यतो स्वतः गाऊन. नवख्याला वाद्यापेक्षा माणसाचा आवाज पकडणं सोपं जातं. बाईने सूर दिला तर नवखा पुरुष सप्तकाच्या गोंधळात पडतो, म्हणून पुरुषांना पुरुषाच्या आवाजातच द्या. दोनदा ऐकवा, दोन सेकंद मनात धरायला लावा, मग ओठ मिटून 'म्म', जुळला की 'मा'. तरी जमेना, तर तो लावेल तो सूर तुम्ही पकडा. जुळलेला आवाज कसा वाटतो हे त्याला एकदा कळू दे, मग तिथून अर्ध्या-अर्ध्या स्वराने (पेटीवरच्या अगदी लगतच्या सुराइतकं) सरका. बहुतेकांचा कान ठीकच असतो.

मग बिघाड कुठे? पुष्कळदा शब्दांत. 'म', 'न', 'ल' या अक्षरांना स्वतःचा सूर असतो. 'मन' गाताना 'म' खाली सुरू होतो आणि 'अ' येईपर्यंत घसरत वर चढतो. एकट्याने केलं तर लाडिक वाटेल, पण तीस जणांनी वेगवेगळ्या वेगाने केलं की गढूळ ऐकू येतं. उपाय सोपा: एक मात्राभर 'म' नेमक्या सुरावर धरा, मगच तोंड उघडा.

उतरण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. तोच सूर पाच-सहा वेळा आला की तो हळूहळू खचतो. वर जाताना पावलं आखूड पडतात, खाली येताना लांब. त्यासाठी षड्ज-पंचम (सा आणि प) मंद लावून ठेवा आणि सा रे ग म प म्हणा, पण ग आणि म फक्त मनात. प थेट बरोबर लागला पाहिजे. पेटीवर प्रत्येक ओळ वाजवून शिकवण्याची सवय मात्र सोडा. पेटीचा शुद्ध गंधार (ग) षड्जाशी नैसर्गिकपणे जुळणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर), आणि एकत्र लांबवून धरलेल्या सुरांत तो खटकतो.

गायक दाटीवाटीने उभे असतील तर कुणालाच स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि जो तो ओरडतो. हातभर अंतर ठेवा. पक्क्या सुराचा माणूस कच्च्याच्या मागे उभा करा.

आता मर्यादेचं, म्हणजे आवाज किती वर आणि किती खाली पोचतो त्याचं. वरचे सूर जोराने मिळत नाहीत. ओठ फडफडवत किंवा बारीक स्ट्रॉमधून आवाज काढत खालून वर, वरून खाली सलग घसरत जा. रोज पाच-सात मिनिटं पुरे. तोंडाशी थोडा अडथळा असला की स्वरतंतूंवर ताण कमी पडतो. मग वरून खाली येणारे पाच सूर, प म ग रे सा, हलक्या आवाजात, दर वेळी पट्टी अर्धा स्वर वर. खालून चढलात तर छातीचा जड आवाज वर ओढला जातो आणि तो मध्येच चिरकतो. गळा आवळला की तिथेच थांबा. आठवड्याला अर्धा स्वर मिळाला तरी फार झालं. कार्यक्रमात मात्र तालमीतल्या सर्वांत वरच्या सुराच्या किमान एक पूर्ण स्वर खाली राहा.

उंच सुरावर 'ई' 'ए'कडे आणि 'ऊ' 'ओ'कडे थोडा झुकवा, जबडा सैल सोडा. श्रोत्याला शब्द तोच ऐकू येतो. खालच्या सुरांची घाई करू नका, ते दाबून येत नाहीत. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच असेल तर व्यायाम बंद आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे.

एवढं करूनही एखादं गाणं दर वेळी त्याच ओळीत उतरत असेल, तर पट्टी अर्धा स्वर वर किंवा खाली नेऊन बघा. बऱ्याचदा ती ओळ नेमकी आवाज बदलण्याच्या सांध्यावर (छातीचा जड आवाज जिथे वरच्या हलक्या आवाजात बदलतो तिथे) पडलेली असते, आणि अर्ध्या स्वराने ती तिथून सुटते.